धोंड्याच्या महिन्यातली मोटार

चौदा वर्षं मी लातुरातल्या एका खाजगी क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवलं. विजेची मोटार कशी फिरते हे मी फळ्यावर असं झकास काढायचो, की शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा वही उघडायची. घरात मात्र फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधायचो आणि बायको वायरमनचा नंबर. खरी मोटार आतून कशी दिसते हे मी कधी बघितलंच नव्हतं, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. शिकवणारा वेगळा, करणारा वेगळा, अशी आपली माझी समजूत.

मग लॉकडाऊन आला. क्लास बंद पडला, पोरं आपापल्या गावी गेली. ज्या गल्लीत सायकलींमधून अंग चोरत चालावं लागायचं, तिथं कुत्री रस्त्याच्या मधोमध आडवी होऊन झोपू लागली. पहिले दोन महिने पगार अर्धा आला, नंतर तोही यायचा थांबला. संचालक फोनवर म्हणायचे, "सर, थोडं थांबा." मी थांबलो. पुढं त्यांचा फोनही थांबला.

आणि नेमका तोच मुहूर्त साधून घरातल्या वस्तू एकेक करून मान टाकू लागल्या.

पहिला मिक्सर. बायको शेंगदाण्याची चटणी वाटत होती आणि मिक्सर मध्येच गप्प झाला. दुकानं बंद, मिस्त्री त्याच्या गावी. मी म्हणालो, "आण इकडं, मी बघतो." मी विमान चालवतो म्हणालो असतो तरी तिनं माझ्याकडं याहून वेगळं बघितलं नसतं.

पेपर अंथरला, मिक्सर पालथा घातला, चार स्क्रू काढले, आणि आत बघतो तर काय! तांब्याच्या तारेची ती गुंडाळी, तो मधला दांडा, ते दोन बाजूंचे कार्बन, सगळं जिथल्या तिथं, मी चौदा वर्षं फळ्यावर काढत आलो तसंच. मी आनंदानं ओरडलोच, "अगं, खरंच असंच असतं!"

"म्हणजे?" बायको म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही पोरांना खात्री नसताना शिकवत होतात का काय?"

दोन तास मी त्या मिक्सरशी झुंजलो. पुसला, फुंकला, परत जोडला. एक स्क्रू जास्तीचा उरला. बटण दाबलं तर मिक्सर ढिम्म. तेव्हा बायकोनं तो उचलून खालच्या अंगाला बोट फिरवलं, एक बारकं लाल बटण दाबलं, आणि मिक्सर असा गरजला की आमची मुलगी पलंगावर चढली. जास्त भार पडला की मिक्सर आपणहून बंद होतो आणि ते लाल बटण दाबलं की पुन्हा चालू होतो, असं त्याच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं म्हणे. पुस्तिका फक्त तिनं वाचलेली.

आता न्यायानं बघायला गेलं तर तो मिक्सर तिनं दुरुस्त केला. पण मी तो माझ्याच नावावर धरतो, आणि त्या दिवसापासून मला जे वेड लागलं ते लागलं.

स्वयंपाकघरातला गळका नळ मी जुन्या हवाई चपलेच्या रबराचा वायसर कापून बंद केला. पंखा म्हाताऱ्यासारखा फिरायचा, त्याला मरून पडलेल्या कूलरचा कंडेन्सर काढून लावला. तो असा सुटला की कॅलेंडर भिंतीवरून उडालं. इस्त्रीची वायर बदलली. बायकोनं गॅसच्या शेगडीची छिद्रं सुईनं साफ केली आणि निळी ज्योत बघून आम्ही दोघं शेगडीपुढं उभे राहून हसत सुटलो. घरात खायला रोज पिठलं-भाकरी आणि आमची ही चैन! मी रोज सकाळी उठून घरभर हिंडायचो, कुठं काही बिघडलंय का म्हणून. काहीच सापडलं नाही की मला उदास वाटायचं. बायको म्हणायची, "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आता धडधाकट वस्तूंना तरी सोडा."

सगळंच जमलं असं नाही. घरमालकांच्या दारावरची घंटी मी मोठ्या थाटात दुरुस्त करून दिली. त्यानंतर त्यांनी बाथरूमचा दिवा लावला की घंटी वाजायची आणि घरातलं कुणीतरी दार उघडायला धावायचं. ते भले गृहस्थ. आठवडाभर काहीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "सर, घंटी एकदम छान झाली. फक्त ती आम्हाला आंघोळ करू देईना."

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पगार नसलेल्या माणसाला दिवसभर एकच गोष्ट सलत असते, की आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. पहाटे जाग यायची आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटायचं. अशा वेळी टपटपणारा नळ आपल्या हातानं थांबला की जो आनंद होतो, तो मला पोरांच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. निकाल पोरांचा असतो. नळ माझा होता.

त्या वर्षी अधिक महिना होता. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो होतो. आता ती पंचांगात छापून आली. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. आमच्या भागात धोंड्याला जावयाचा केवढा मान! लेक-जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून पाय धुवायचे, नवे कपडे करायचे, पुरणाचे तेहतीस धोंडे ताटात मांडून दिव्यासकट वाण द्यायचं. आणि जावयानं त्या दिवशी काय करायचं? काहीही नाही. गणपतीसारखं बसून राहायचं. पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलायचा नाही.

एसट्या सुरू झाल्या आणि नांदेडहून सासऱ्यांचा फोन आला. सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. फोन कानापासून हातभर लांब धरला तरी घरात सगळ्यांना ऐकू येतो. "जावईबापू, धोंड्याला यायलाच लागतंय. न्हाई म्हणायचं न्हाई!"

फोन ठेवल्यावर बायको मला घेऊन बसली. पगार थांबल्याचं आम्ही नांदेडला कळवलंच नव्हतं. "आण्णांना कळलं ना, की ते टेम्पो घेऊनच येतील," ती म्हणाली. "सामान भरतील आणि आपल्याला नांदेडला नेऊन ठेवतील. प्रेमानं नेतील, पण नेतील. मला माहेरी राहायचं नाही, अहो. पाहुणी म्हणून जायचंय आणि पाहुणी म्हणूनच परत यायचंय."

मला तरी कुठं राहायचं होतं? सासरे चारचौघांत माझी ओळख "आमचे लातूरचे सर" अशी करून द्यायचे. त्यांच्या घरी घरजावई होऊन राहिलो तर ते माझी ओळख काय म्हणून करून देणार? तेव्हा ठरलं. पगाराचा विषय काढायचा नाही. मुलीला पढवलं, कुणी विचारलं तर पप्पा घरून शिकवतात म्हणायचं. आणि तिसरी अट फक्त माझ्यासाठी: नांदेडला कशालाही हात लावायचा नाही. "तुमचे हे खरचटलेले हात आणि तो उत्साह बघून आण्णा पाच मिनिटांत ओळखतील," बायको म्हणाली. तिनं माझी बॅग उपसून पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा बाहेर काढला. शर्टाच्या खिशाला पेनासारखा अडकवलेला टेस्टर मात्र तिच्या नजरेतून सुटला. मी तिला आठवण करून दिली नाही.

अहमदपूर, लोहा करत अर्ध्या रिकाम्या एसटीतून आम्ही नांदेडला पोचलो. दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी आत गेलो आणि माझी परीक्षा सुरू झाली. बैठकीतल्या ट्यूबलाइटची उघडझाप चाललेली. दाराची कडी सैल. पंखा टक-टक, टक-टक. मी सोफ्यावर हात मांडीखाली दाबून बसलो. सासूबाई म्हणाल्या, "सर लई शांत झाले बघा." बायको म्हणाली, "प्रवासानं दमलेत."

दुसऱ्या दिवशी धोंडे. मला नवं धोतर, नवा कुर्ता, डोक्याला टोपी. कुर्ता घालताना सवयीनं टेस्टर खिशात गेला, देवाशपथ सवयीनं. बायकोला नवी साडी. दोघं पाटावर बसलो, परातीत पाय ठेवले. सासूबाई तांब्या भरून उभ्या, सासरे पंचा घेऊन पाय पुसायला तयार. कढईतल्या धोंड्यांचा वास घरभर. थोड्या वेळानं चुलत सासऱ्यांकडची मंडळी जेवायला येणार होती.

तेवढ्यात बाहेरून शेजारीण ओरडली, "नळ आला वो!"

सासऱ्यांच्या गल्लीत तेव्हा चौथ्या दिवशी तासभर पाणी यायचं. नळाला थेट मोटार लावू नये असा नियम आहे. सगळी गल्ली लावते, म्हणून न लावणाऱ्याला पाणीच मिळत नाही, म्हणून सगळी गल्ली लावते. सासरे पंचा खांद्यावर टाकून अंगणात गेले, बटण दाबलं. मोटार म्हणाली, "घुंऽऽऽ."

नुसतंच घुंऽऽऽ. फिरायचं नाव नाही. सासऱ्यांनी बंद केली, परत लावली. घुंऽऽऽ. त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री हदगावला पाहुण्यांकडं. "आता संध्याकाळी येतो म्हनून राहिला," ते आत येऊन म्हणाले. "संध्याकाळी येऊन काय करतो? नळ तर आत्ता हाय."

घरात दहा-बारा माणसं जेवायची, भांडी पडायची, आणि पुढचे तीन दिवस टाकी कोरडी. लातूरच्या माणसाला पाणी चुकणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलेलं आहे. आणि ते घुंऽऽऽ मला ओळखीचं होतं हो! वीज येतीये, पण आतला दांडा गंजून अडकलाय, असं ती मोटार अगदी स्पष्ट बोलत होती. बायकोनं साडीच्या आडून मला चिमटा काढला. मी दात दाबून बसलो. सासऱ्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"मामा, जळेल ती! बंद करा!" मी ओरडलो आणि परातीतून उठलो.

"अगं बाई, पाय धुवायचे राहिलेत!" सासूबाई तांब्या घेऊन माझ्या मागं. "जावईबापू, तुम्ही बसा, तुम्ही बसा," म्हणत सासरे मला धरायला बघतायत. मी धोतराचा काष्टा वर खोचला, आधी पिन काढली, आणि ओल्या फरशीवर मोटारीपुढं मांडी ठोकून बसलो. टेस्टरनं मागची जाळी उघडली. आतला पंखा हातानं फिरवून बघितला, हलेना. "मामी, थोडं तेल!" सासूबाईंनी काही न सुचून पळीत कढईतलंच तेल आणलं, कडकडीत. ते निवेपर्यंत आणखी एकदा जोर लावला. मग तेल सोडलं, मोटारीला इकडून तिकडून दोन टोले दिले, पंखा दोन्ही हातांनी धरून मागं-पुढं, मागं-पुढं. शेजारचं सगळं घर भिंतीवरून बघत होतं.

"धोंड्यात जावयाला मोटार उघडायला लावली," सासूबाई रडकुंडीला आल्या. "लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

आणि पंखा सुटला. एका बोटानं फिरू लागला. पिन लावली, बटण दाबलं, मोटार पळाली! पण पाइपातून नुसतीच फुसफुस. आत हवा धरलेली. वरचं झाकण उघडून मोटारीत पाणी भरायला हवं होतं, आणि घरातलं सगळं पाणी स्वयंपाकात गुंतलेलं. मी बटण बंद करून झाकण काढलं, इकडं तिकडं बघितलं. सासूबाईंच्या हातात तांब्या होता. मी तो घेतला आणि माझे पाय धुवायला भरलेलं पाणी गडगडा मोटारीच्या तोंडात ओतलं.

भिंतीवरची शेजारीण फिसकन हसली. "मामी, जावयाच्या आधी मोटारीचे पाय धुतले की वो!"

बटण दाबलं. एक गुरगुर, एक उचकी, आणि पाइप फुगून असा ताठ झाला की जोडावरून पाण्याची पिचकारी सरळ माझ्या नव्या कुर्त्यावर. वर गच्चीवरच्या टाकीत धो धो आवाज सुरू झाला. मी उभा राहून टाळ्या पिटत होतो. चाळिशीचा माणूस, कपाळावर अष्टगंध, हात काळे, टोपी तिरकी. मी इतका खूश होतो की माझी जीभ माझी राहिली नव्हती.

सासरे म्हणाले, "जावईबापू, हे तुम्ही कुठं शिकले म्हणायचं?"

"अहो मामा, चार महिने झाले पगार बंद आहे, दुसरं करतो काय!" मी हसत म्हणालो. "मिक्सर केला, पंखा केला, नळ केला, इस्त्री केली..."

तेवढ्यात आमची सात वर्षांची मुलगी, जिनं दोन दिवस तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा! सांगायचं नव्हतं ना!"

बायकोनं कपाळाला हात लावला. माझा सगळा आनंद एका क्षणात पायातून निघून गेला. आता टेम्पो, आता सामान, आता घरजावई, एवढंच माझ्या डोक्यात. सासऱ्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "टाकी भरून वाहील. वर चला बघायला." बायकोकडं वळून म्हणाले, "तू बी चल."

आम्ही दोघं त्यांच्या मागून जिना चढलो. ते टाकीकडं गेलेच नाहीत. गच्चीवरच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं. या खोलीत आजवर जुने ट्रंक आणि मोडक्या खुर्च्या असायच्या. आता तिला नवा रंग होता, पिस्ता रंगाचा. दोन पलंग, गाद्या, मुलीच्या उंचीचं एक टेबल. आणि समोरच्या भिंतीवर नवाकोरा फळा. फळ्याखाली खडूची पेटी, फोडलेलीसुद्धा नव्हती.

"आम्हाला आषाढातच कळलं," सासरे म्हणाले. त्यांचा तो शेवटच्या सीटपर्यंतचा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "गल्लीतलं एक पोरगं तुमच्याच क्लासला व्हतं. तुम्ही सांगत न्हाई म्हणल्यावर आम्ही कसं विचारावं? जावई हाय तुम्ही. पर रातच्याला झोप न्हाई लागायची. वाटायचं, सर खचून गेले असतील, कोपऱ्यात बसून राहत असतील. मनून हे केलं. इथं फळा लावला तर चार पोरं शिकायला येतील मनलं. आज जेवणं झाली की इषय काढनार व्हतो."

या माणसाला मी टेम्पोवाला समजत होतो, आणि यानं माझ्यासाठी भिंतीवर फळा ठोकला होता. मी सरळ रडलो. काळ्या हातानं डोळे पुसले, ते आणखी काळे झाले.

"तू सांग," ते बायकोला म्हणाले. "येता का इथं?"

ती त्या फळ्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं, भिजलेला कुर्ता, तोंडाला काजळी, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता तिचेही डोळे भरले. "नको, आण्णा," ती म्हणाली. "आमचं भागून राहिलंय. खरंच भागून राहिलंय. तुम्ही बघितलं ना आत्ता?"

"बघितलं की," सासरे म्हणाले. त्यांनी माझा एक हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला, तळव्यावरचे चरे, अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग. मग सोडला, खोलीबाहेर गेले आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकले.

"ऐकलं का वो!" त्यांनी सासूबाईंना हाक दिली, आणि तो आवाज चार गल्ल्यांना ऐकू गेला असेल. "वरची खोली भाड्यानं द्यायची हाय म्हणून सांगा शेजारी! आपली मानसं येत न्हाईत!"

खालून सासूबाईंना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणालात?

"आपली मानसं येत न्हाईत!" सासरे पुन्हा ओरडले. या वेळी मात्र त्यांचा आवाज मध्येच फाटला, आणि ते आमच्याकडं न वळता बराच वेळ कठडा धरून उभे राहिले.